विदर्भाच्या उन्हात कोणता फिल्टर लावायचा आणि कधी काढायचा

दारव्हा तालुक्यातल्या एका तरुण भावाने विचारलं आहे: "दादा, मिररलेस कॅमेरा घेतला. सोबत १८-५५ ची किट लेन्स आहे आणि एक ५० एमएम एफ/१.८. लग्नाच्या ऑर्डरी घेतो, मधल्या दिवसांत शेतीचे व्हिडिओ करतो. दुपारचं शूटिंग पाहिलं की माणसं झटके खात चालल्यासारखी दिसतात आणि आभाळ पांढरंफक्क येतं. दुकानदार म्हणतो, चाळीस फिल्टरचा डबा घेऊन जा, सगळं सुटेल. यूव्ही, सीपीएल, एनडी यातलं नेमकं काय घेऊ? पैसे एकदाच खर्च करता येतील."

आधी नावं: एनडी म्हणजे उजेड कमी करणारी राखाडी काच, सीपीएल म्हणजे चमक अडवणारी, फिरवता येणारी काच (पोलरायझर), यूव्ही म्हणजे अतिनील किरण अडवणारी काच. डबा घेऊ नकोस. त्यात निळे, नारिंगी, चांदण्या पाडणारे फिल्टर असतात. ते रंग आता एडिटिंगमध्ये फुकट आणि जास्त चांगले येतात. शिवाय त्या डब्यातली काच साधी असते, चांगल्या लेन्सपुढे खिडकीची काच धरल्यासारखी. तेवढ्याच पैशांत एक बरा एनडी येतो, आणि तुझं अर्धं दुखणं त्या एकाच फिल्टरने जातं. मी २२ वर्षं यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर या पट्ट्यात लग्नं, पोळे, शंकरपट (बैलजोड्यांच्या शर्यती) आणि वावरं शूट करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो.

तुझ्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. झटके हा शटरचा प्रश्न आहे. पांढरं आभाळ हा एक्स्पोजरचा (उजेड किती आत घेतला याचा) आणि सूर्य कुठे आहे याचा प्रश्न आहे.

आधी झटके. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमवर ठेवायचा आणि शटर १/५० वर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड. फ्रेमच्या दुप्पट शटर, हा जुना हिशेब आहे. १/५० वर चालत्या बैलाचा पाय प्रत्येक फ्रेममध्ये थोडा पुसट येतो आणि तीच पुसट डोळ्याला सलग चाल म्हणून दिसते. भर दुपारी कॅमेरा ऑटोवर सोडला की तो शटर १/२००० वर नेतो. मग प्रत्येक फ्रेममधला पाय दगडात कोरल्यासारखा स्पष्ट. असे २५ कोरीव पाय सेकंदात एकामागून एक आले की चाल तुटते. डफड्यावरची काडी, लेझीम, हळदीला उडणारं पाणी, सगळ्यांचं तेच होतं. हे एडिटिंगमध्ये नीट दुरुस्त होत नाही. शूट करतानाच शटर १/५० वर बांधून ठेवावं लागतं आणि जास्तीचा उजेड लेन्सच्या बाहेरच अडवावा लागतो. एनडीचं काम तेवढंच. काचेला फक्त राखाडी रंग, बाकी चित्रात ढवळाढवळ नाही.

किती अडवायचा याचा हिशेब एकदा वहीत करून ठेव. निरभ्र दिवशी उघड्या उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचं छिद्र एफ/१६ (आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) असेल तर शटर साधारण १/१०० बसतं. फिल्म रोलच्या काळातला हा ठोकताळा आजही लागू पडतो. शटर १/५० केलं की छिद्र एफ/२२ वर न्यावं लागतं. आता तिथून मोजत ये: १६, ११, ८, ५.६, ४, २.८. दर पायरीला उजेड दुप्पट, म्हणजे एक स्टॉप. एफ/५.६ वर काम करायचं तर ४ स्टॉप अडवायचे, एफ/४ वर ५, एफ/२.८ वर ६, आणि तुझी ५० एमएम एफ/१.८ वर पूर्ण उघडली तर सातपेक्षा थोडे जास्त.

मग एफ/२२ वरच शूट का करू नये, असं तुझ्या मनात येईल. दोन कारणं. एवढ्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि चित्र मऊ पडतं. दुसरं आपल्या भागापुरतं जास्त खरं आहे. सेन्सरवर धुळीचा कण असेल तर एफ/४ वर तो दिसत नाही, एफ/२२ वर आभाळात काळा ठिपका म्हणून उभा राहतो. उन्हाळ्यात पांदणीच्या फुफाट्यात लेन्स बदलणाऱ्या माणसाच्या सेन्सरवर कण असतातच.

एनडीवरचे आकडे गोंधळात टाकतात, कारण कंपन्या ते वेगवेगळ्या पद्धतीने लिहितात. एनडी ८, ०.९ आणि ३ स्टॉप ही एकाच गोष्टीची तीन नावं. तसंच एनडी ६४, १.८ आणि ६ स्टॉप. एनडी १०००, ३.० आणि १० स्टॉप. विकत घेताना फक्त स्टॉप विचार.

तुझ्यासाठी माझं उत्तर: २ ते ५ स्टॉपचा व्हेरिएबल एनडी. किट लेन्स ५५ वर नेलीस की ती एफ/५.६ पेक्षा उघडतच नाही, म्हणजे भर दुपारीही तुला ४ स्टॉप पुरतात. एफ/४ वर ५ पुरतात. लग्नात माणसं उन्हातून मांडवात, मांडवातून ओसरीवर सारखी ये-जा करतात. उघड्या उन्हात आणि मोकळ्या सावलीत साधारण ३ स्टॉपचा फरक असतो. दर वेळी एक फिल्टर काढून दुसरा लावायला वऱ्हाडी थांबत नाहीत. व्हेरिएबलची कडी फिरवली की काम होतं. शेतीचे व्हिडिओ मात्र निवांत करायचे असतात, तिथे पुढे कधी ६ स्टॉपचा साधा एनडी घे. त्याचा रंग जास्त स्वच्छ येतो.

व्हेरिएबल एनडीची रचना समजून घे, म्हणजे तो फसवणार नाही. त्यात दोन पोलरायझर एकावर एक बसवलेले असतात. एकमेकांच्या कोनात फिरवले की उजेड कमी होत जातो. टोकाला नेलं की फ्रेममध्ये मोठी काळी फुली उमटते, आणि लेन्स जितकी वाइड तितकी ती लवकर दिसते. २ ते ४०० असे आकडे लिहिलेल्या स्वस्त फिल्टरवर ही फुली हमखास येते. एका शंकरपटाचं अख्खं सकाळचं शूटिंग माझ्याकडून असं वाया गेलं. जोड्या सुटतानाचे शॉट १८ वर घेतले होते आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर उन्हात काही कळलं नाही. घरी टीव्हीवर लावलं तर प्रत्येक शॉटमध्ये आभाळाच्या एका कोपऱ्यातून मैदानापर्यंत काळपट पट्टा. तेव्हापासून ज्याच्या कडीला दोन्ही टोकांना अडसर आहे असाच व्हेरिएबल वापरतो. तो ५ स्टॉपच्या पुढे फिरतच नाही, म्हणून फुलीपर्यंत जातही नाही. तू दुकानात लेन्सवर लावून, १८ वर ठेवून, पांढऱ्या भिंतीकडे धरून, कडी टोकापर्यंत फिरवून बघ. चारही कोपरे सारखे दिसले तरच पैसे दे.

एनडी लावल्यावर व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून असलेलं रंगाचं सेटिंग) ऑटोवर ठेवू नकोस. फिल्टर लावलेला असतानाच पांढऱ्या कागदावर तो हाताने सेट कर, कारण प्रत्येक एनडीचा थोडा हिरवा किंवा तपकिरी रंग असतो. स्वस्तातल्या गडद एनडीचं आणखी एक दुखणं: तो दिसणारा उजेड अडवतो पण इन्फ्रारेड जाऊ देतो. मग नवरदेवाचा काळा टेरिलिनचा कोट व्हिडिओत काथ्या रंगाचा येतो. घरचे लोक म्हणतात कोट काळा होता, आणि ते बरोबर असतात. ६ स्टॉप किंवा त्याहून गडद एनडी घेशील तेव्हा इन्फ्रारेड अडवणाराच घे. आणि लॉग प्रोफाइलवर (नंतर एडिटिंगमध्ये रंग भरण्यासाठी फिकट चित्र घेण्याची पद्धत) इतक्यात जाऊ नकोस. पुष्कळ कॅमेऱ्यांत लॉग लावलं की आयएसओ ६४० किंवा ८०० च्या खाली उतरत नाही. ८०० म्हणजे १०० पेक्षा ३ स्टॉप जास्त, तेवढा एनडी आणखी लागतो.

आता आभाळ आणि सीपीएल. माझा सगळ्यात आवडता फिल्टर हाच. एनडीचं काम ओढूनताणून एडिटिंगमध्ये काही प्रमाणात लपवता येईल, पण सीपीएल जे करतो ते कुठल्याही सॉफ्टवेअरला नंतर करता येत नाही. पानावर, पाण्यावर, काचेवर आदळून परत येणारी चमक तो अडवतो. चमकेखालचा खरा रंग कॅमेऱ्यापर्यंत पोचलाच नसेल तर नंतर आणणार कुठून?

वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत गेलास तर लगेच पटेल. संत्र्याचं पान मेणचट असतं, उन्हात त्यावर पांढरी झाक येते आणि बाग राखाडी दिसते. सीपीएल लाव आणि स्क्रीनकडे बघत हळूहळू फिरव. एका जागी झाक विझते, पान गर्द हिरवं होतं आणि फळ वेगळं उठून दिसतं. पावसानंतरची तूर, सोयाबीन, ओली पऱ्हाटी, सगळ्यांवर हा परिणाम दिसतो. भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठी, किंवा जुलैत रोवणीच्या बांध्यांत शूट करताना मात्र चमक पूर्ण मारायची नाही. बांधीतल्या पाण्यावरची चमक गेली की नुसता चिखल उरतो. रोवणाऱ्या बायांचं प्रतिबिंब, ढगांचं प्रतिबिंब हेच त्या चित्राचं देखणेपण आहे. तिथे कडी अर्ध्यावर थांबव.

पाण्यावरची चमक सगळ्या कोनांतून सारखी जात नाही. पाण्याच्या पातळीपासून साधारण ३७ अंशांवरून तिरपं पाहिलं तर ती जवळजवळ पूर्ण जाते. सरळ वरून पाहिलं तर सीपीएल काहीच करत नाही. धातूच्या चमकेवरही त्याचा उपाय नाही. स्टीलची भांडी, दागिने, टिनाचं छप्पर फिरवून फिरवून तसंच राहतं, आणि त्यात फिल्टरचा दोष नसतो.

आभाळ निळं करण्यासाठी सूर्याची दिशा बघावी लागते. तर्जनी सूर्याकडे कर, अंगठा काटकोनात उघड आणि मनगट फिरव. अंगठा जिकडे जिकडे जाईल तिकडचं आभाळ सर्वांत जास्त गडद होतं. सकाळी नऊला आणि संध्याकाळी चारला उत्तर-दक्षिणेकडे तोंड केलंस तर छान निळं मिळेल. सूर्य पाठीमागे किंवा समोर असेल तर सीपीएल फिरवण्यात वेळ घालवू नकोस. उन्हाळ्यात आणखी एक गंमत आहे. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात विदर्भात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचे ते दिवस. तेव्हा अंगठा चहूकडे क्षितिजालाच टेकतो, म्हणजे हिशेबाने क्षितिजालगतचं आभाळ सगळीकडे गडद व्हायला हवं. प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण त्या दिवसांत खाली धुळीचा थर असतो आणि धुळीतून आलेल्या उजेडावर सीपीएल चालत नाही. मेच्या दुपारचं पांढरं आभाळ खरोखरच पांढरं असतं. ते फ्रेममध्ये कमी घे. कॅमेरा थोडा खाली झुकव, कडूलिंबाची फांदी वर घे, मांडवाची झालर घे. पावसाळ्याच्या पहिल्या दोन-चार सरी झाल्या की धूळ बसते आणि तेच आभाळ सीपीएलने काळंनिळं होतं.

१८ एमएमवर सीपीएल लावून आभाळाचा मोठा भाग घेतलास तर एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिकट असा डाग पडतो. २८-३० च्या पुढे जा म्हणजे तो दिसणार नाही. व्हिडिओ घेताना कॅमेरा आडवा फिरवायचा असेल तर सीपीएल काढूनच ठेव, नाहीतर शॉटच्या मध्येच आभाळाचा रंग बदलत जातो. व्हेरिएबल एनडीवर सीपीएल चढवायचा नाही. तो आधीच दोन पोलरायझरचा आहे, तिसऱ्याने नुसता गोंधळ होतो.

लग्नात सीपीएलचे दोन-तीन नेमके उपयोग आहेत. सजवलेल्या गाडीत बसलेला नवरदेव काचेतून दिसत नाही, तिथे तो लागतो. हळदीच्या दिवशी तेल, घाम आणि हळद यांनी चेहरे चकाकतात, तिथे कडी थोडी फिरव. पूर्ण फिरवू नकोस, चेहऱ्यावरचं सगळं तेज गेलं की माणूस आजारी दिसतो. आणि मांडवात एलसीडी टीव्ही लावलेला असेल तर जपून, सीपीएलमधून एका कोनात तो टीव्ही बंद असल्यासारखा काळा दिसतो. सीपीएल दीड ते दोन स्टॉप उजेड खातो, म्हणून घरात आणि संध्याकाळी त्याला लेन्सवर जागा नाही. ताडोब्यात सकाळच्या पहिल्या उजेडात वाघाचे फोटो काढायला जाशील तेव्हाही नाही. तिथे तुला शटरसाठी प्रत्येक स्टॉप हवा असतो. जिप्सीच्या कठड्यावर ट्रायपॉडपेक्षा बीनबॅग बरी. रिकामी पिशवी घेऊन जा आणि मुक्कामाच्या गावी किलो-दोन किलो तांदूळ भर.

यूव्ही फिल्टरबद्दल दुकानदार पहिल्यांदा बोलतो, मी शेवटी बोलतो आहे. फिल्म अतिनील किरणांना संवेदनशील होती, म्हणून तेव्हा तो लागत असे. डिजिटल सेन्सरच्या पुढे ते किरण अडवणारी काच आधीच बसवलेली असते. चित्र सुधारण्यासाठी यूव्हीचा उपयोग नाही. संरक्षणासाठी आहे, आणि तो खरा आहे, पण ठरावीक ठिकाणीच. अंतरपाट खाली आला की चारी बाजूंनी अक्षता येतात. गणपतीत गुलाल उडतो. नवरीच्या एंट्रीला फटाक्यांच्या ठिणग्या उडतात आणि ठिणगी काचेवर पडली की खळगा राहतो. जिनिंगमध्ये कापसाचे तंतू आणि सरकीची धूळ दिवसभर हवेत असते. अशा जागी साधी, चांगल्या कोटिंगची पारदर्शक काच लाव.

बाकी वेळ, आणि रात्री तर नक्की, ती काढून ठेव. अंधारात दिवा, गाडीचे हेडलाइट, आरतीचं निरांजन समोर आलं की फिल्टरच्या सपाट काचेवरून परावर्तन होतं आणि फ्रेममध्ये दुसऱ्या बाजूला तोच दिवा उलटा, हिरवट दिसतो. फ्रेमच्या मध्याच्या बरोबर समोरच्या जागी दुसरा दिवा दिसला तर समज की तो फिल्टरचाच. लायटिंगच्या माळांखाली तर असे पंचवीस खोटे दिवे येतात. झाडीपट्टीतल्या नाटकांचं रात्रभराचं शूटिंग मिळालं तर लेन्सवर एकही फिल्टर ठेवू नकोस.

ही लावायची आणि काढायची सवय हातात बसवणं, हेच मला तुला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. सुरुवातीच्या काळात एका लग्नात दुपारी लावलेला एनडी मी संध्याकाळी काढायला विसरलो. आयएसओ ऑटोवर होता, त्यामुळे पडद्यावर चित्र नेहमीसारखंच उजळ दिसत होतं. सूर्य बुडाला, वरात निघाली, आयएसओ १२८०० पर्यंत चढला आणि मला कळलं नाही. त्या घरातली म्हातारी आजी नातवाच्या वरातीत नाचली, आणि तिचे माझ्याकडचे सगळे शॉट वाळूतून पाहिल्यासारखे दाणेदार आहेत. ते परत घेता येत नाहीत. म्हणून आयएसओ ऑटोवर ठेवायचाच असेल तर त्याला वरची मर्यादा घालून ठेव, ३२०० किंवा तुझा कॅमेरा झेपेल तेवढी. फिल्टर लावून राहिला तर चित्र काळं पडेल आणि तुला तिथल्या तिथे समजेल.

मिस्ट फिल्टरचं सध्या फार वेड आहे. दिव्यांभोवती मऊ वलय येतं, त्वचा नितळ दिसते. घेतलास तर १/८ चा घे, १/४ लग्नात जास्त होतो. दुपारच्या उन्हात आणि धुळीत तो लावला की चित्र धुरकट होतं, आणि एकदा धुरकट झालेलं परत खणखणीत होत नाही. माझ्या मते पहिल्या वर्षी तो नकोच. निम्मा राखाडी, निम्मा पारदर्शक असा ग्रॅज्युएटेड एनडीही नको. चिखलदऱ्याचा किंवा लोणार सरोवराचा फोटो ट्रायपॉडवरून घ्यायचा असेल तर दोन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो घेऊन घरी जोडता येतात.

माप. लेन्सच्या पुढच्या कडेवर गोलावर तिरपी रेघ असलेलं चिन्ह आणि त्यापुढे आकडा असतो, ४९, ५२, ५५, ५८ असा. तो फिल्टरच्या आट्यांचा व्यास. तुझ्या दोन्ही लेन्सचे आकडे वेगळे असू शकतात. प्रत्येकासाठी वेगळा फिल्टर घेऊ नकोस. ७७ चा एक घे आणि दोन्ही लेन्ससाठी स्टेप-अप रिंगा (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणाऱ्या कड्या) घे, त्या स्वस्त असतात. उद्या मोठी लेन्स आली तरी फिल्टर तोच चालेल. तोटा एवढाच की रिंग लावल्यावर लेन्सचं मूळ हुड (पुढे लावायचा आडोसा) बसत नाही. तिरपं ऊन काचेवर येत असेल तर हाताने किंवा काळ्या पुठ्ठ्याने आडोसा कर. फिल्टर नसेल तेव्हा मात्र हुड कायम लावलेलं असू दे. उन्हाच्या तिरिपेपासून, धक्क्यापासून, लहान पोरांच्या बोटांपासून ते वाचवतं.

फिल्टर किंवा रिंग अडकली तर दोन बोटांनी दाबून फिरवायला जाऊ नकोस. दाबल्यावर कडी अंडाकृती होते आणि आटे आणखी घट्ट धरतात. रबरी चपलेचा तळवा धुऊन, कोरडा करून फिल्टरवर सपाट टेकव, सगळीकडे सारखा दाब देऊन हलकेच फिरव. नव्वद टक्के वेळा सुटतो. पितळी कडी ॲल्युमिनियमपेक्षा कमी अडकते, परवडली तर ती बघ.

धुळीबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडे लेन्सा पडून फुटण्यापेक्षा पुसून पुसून जास्त खराब होतात. आपल्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते काचेवरच्या कोटिंगपेक्षा कडक असतात. खांद्यावरच्या दुपट्ट्याने लेन्स पुसणं म्हणजे तिच्यावर पॉलिश पेपर फिरवणं. आधी रबरी ब्लोअरने कण उडव, लेन्सचं तोंड खाली करून. मग मऊ ब्रश. तरी डाग राहिला तर मायक्रोफायबरच्या कापडावर लेन्सचं द्रावण एक-दोन थेंब घेऊन मधून बाहेर गोल पुस. द्रावण काचेवर थेट टाकायचं नाही, कडेने आत उतरतं. तोंडाने फुंकायचं नाही. थुंकीचा बारीक फवारा जातो, आणि तोंडात खर्रा असेल तर त्याचा डाग कोटिंगवर बसतो. हळदीचं बोट लागलं तर तसंच वाळू देऊ नकोस, तेल जुनं झालं की निघायला त्रास देतं. एक कापड फक्त काचेचं, दुसरं बाकी कॅमेऱ्याचं, आणि दोन्ही वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत.

उष्णता. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत ० ते ४० अंश ही वापराची मर्यादा लिहिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, म्हणजे कॅमेरा सुरू करण्याआधीच आपण मर्यादा ओलांडलेली असते. दोन शॉटच्या मधे कॅमेरा बंद कर, उघडणारी स्क्रीन बाहेर काढून ठेव म्हणजे पाठीतून उष्णता निघते, आणि कोरडं पांढरं कापड वरून टाक. गाडीच्या डॅशबोर्डवर कॅमेरा किंवा बॅटरी ठेवायची नाही. ट्रायपॉडवर लावलेल्या मिररलेसचं तोंड सूर्याकडे ठेवून जेवायला जायचं नाही. टोपण नसेल तर लेन्स सूर्यकिरण गोळा करून आतला शटरचा पडदा किंवा सेन्सर भाजते. आणि कितीही गडद एनडी लावला तरी त्यातून सूर्यग्रहण पाहू नकोस, पोरांना दाखवू नकोस. एनडी १००० उजेड हजार पटीने कमी करतो, सूर्यासाठी साधारण एक लाख पट कमी करणारा खास सोलर फिल्टर लागतो. डोळा गेला तर परत येत नाही.

पावसाळ्यात बुरशी. लेन्स कातडी पिशवीत किंवा कपाटात कपड्यांमध्ये ठेवलीस तर दिवाळीपर्यंत काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतील. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घे, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेव. आकडा ४० ते ५० च्या दरम्यान असू दे. निळं जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर, हवेशीर जागी, परत निळं होईपर्यंत तापवायचं, आणि तो तवा पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचा नाही. फिल्टरही त्याच डब्यात ठेव, त्यांनाही बुरशी लागते. एसी गाडीतून उतरून दमट हवेत लेन्स लगेच उघडली तर काचेवर वाफ धरते. बॅग बंदच राहू दे, पंधरा-वीस मिनिटांनी उघड.

भर दुपारच्या चेहऱ्यांसाठी मात्र कुठलाच फिल्टर नाही. सूर्य डोक्यावर असला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. त्यावर ५-इन-१ रिफ्लेक्टर घे. त्यातलं मधलं पारभासक कापड डोक्यावर धरलं की ऊन मऊ होतं. पांढरी बाजू कमरेच्या उंचीवर धरली की डोळ्यांत उजेड येतो. चांदीची बाजू उन्हात वापरू नकोस, नवरी डोळे मिटून घेते. रिफ्लेक्टर नसेल त्या दिवशी पांढरं धोतर किंवा थर्माकोलचा तुकडाही चालतो. तुझ्या बजेटमधून पहिले पैसे ब्लोअर, कापड आणि रिफ्लेक्टरला दे, मग व्हेरिएबल एनडी आणि रिंगा, त्यातून उरले तर सीपीएल. लेन्सचे हुड सोबत आले नसतील तर तेही घे.

समज, अक्षय्य तृतीयेचं लग्न आहे. सकाळी सातला हळद, अंगणात कोवळं ऊन. एनडी लाव, कडी २ स्टॉपवर. नवरीचे फोटो काढताना एनडी काढ, फोटोला १/५० शटरची गरज नाही. साडेदहाला वऱ्हाड येतं, गाडीच्या काचेतून नवरदेव हवा असेल तर दोन मिनिटं सीपीएल. मिरवणूक उघड्या उन्हात, परत एनडी, ४ स्टॉपवर, छिद्र एफ/५.६ च्या आसपास. मांडवात शिरताना कडी उलटी फिरव, आणि तेवढ्यानेही चित्र काळं राहिलं तर फिल्टर काढून खिशातल्या डबीत टाक. मंगलाष्टकं सुरू झाली की पारदर्शक काच, अक्षतांसाठी. मांडवात एलईडी असतील तर शटर १/५० किंवा १/१०० वरच ठेव, नाहीतर पट्टे पळतात. जनरेटरवर वीज असेल तर आधी दहा सेकंद शूट करून बघ, त्याची वारंवारता हलली की १/५० वरही लुकलुक दिसते, मग शटर थोडं मागेपुढे करून स्थिर जागा शोध. दिवे लागले की लेन्सला हात लावून बघ, पुढे कुठलीच कडी नको. मी अजूनही दर वरातीला निघताना बोटाने चाचपून बघतो.